गुडघ्यापासून छातीपर्यंत

माझ्या नवऱ्याच्या आत्यांनी आयुष्यात एकाही मुलाला लिहायला शिकवलेलं नाही. हे माझं मत नव्हे, त्या स्वतःच छाती ठोकून सांगतात. आणि अर्ध्या उमेळ्याला, म्हणजे आमच्या गावाला, लिहायला आत्यांनीच शिकवलं, असं गावच सांगतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे मला पटायला, या घरात सून म्हणून आल्यावर बरीच वर्षं जावी लागली. ज्यांना अजून पटत नाही त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही. सरळ भांडते. हा गुण माझ्या माहेरचा नाही, आत्यांकडून लागलेला आहे.

"पोर आपलं आपन लिहायला शिकतं. आपन फक्त मधे तडमडायचं नाय," एवढंच त्यांचं शिक्षणशास्त्र. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी त्यांनी पहिलीच्या वर्गावर काढली. दुसरीचा वर्ग कोणी दिला तर घेतला नाही, आणि मुख्याध्यापिका व्हायची वेळ आली तेव्हा साहेबांना तोंडावर सांगितलं, "मुख्याध्यापिकेला दिवसभर सह्या बघाव्या लागतात. मला रेघोट्या बघायला आवडतात." त्यांचं लग्नही अशाच एका उत्तरावर अडलं, असं घरात सांगतात. फुलांच्या व्यापाऱ्याचं स्थळ आलं होतं. मध्यस्थाने मुलाची तारीफ करताना म्हटलं की मुलाचं अक्षर मोत्यासारखं आहे. आत्यांनी चहाचा ट्रे हातात धरूनच विचारलं, "पन लिहितात काय?" मुलगा भाबडा, खरं बोलला. "ऑर्डरी," म्हणाला. आत्या ट्रे घेऊन आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत, आणि पाहुण्यांना चहासुद्धा मिळाला नाही.

आज आमची इमारत उभी आहे तिथे पूर्वी घरची केळीची वाडी होती. वाडी गेली, फ्लॅट आले, त्यातले दोन आमच्या वाट्याला आले. बाकीच्यांनी बिल्डरकडे काय काय मागितलं ते राहू दे, आत्यांनी मागितली ती वाडीतली विहीर आणि तिच्याजवळची पंपाची खोली. खोलीवर पत्रा पुढे आलेला आहे, त्यामुळे तिची एक लांब भिंत पावसातही कोरडी राहते. ती भिंत आत्यांना हवी होती. निवृत्त झाल्यापासून त्यांची शाळा त्या भिंतीपाशी भरते. ना फी, ना वेळापत्रक, ना पाटी. एका डब्यात चुलीतले कोळसे, गेरूचे खडे आणि विटांचे तुकडे. हो, चूल. सोसायटीच्या आवारात आत्या अजून चुलीवर आंघोळीचं पाणी तापवतात. त्याबद्दल आलेल्या नोटिसांनीच त्या चूल पेटवतात, असं माझा नवरा म्हणतो.

पण मुलाला डब्याला हात लावायला मिळण्याआधी त्याची बोटं कामाला लावली जातात. मोगऱ्याच्या कळ्या ओवायच्या, कणकेच्या गोळ्या वळायच्या, दोरीला गाठी मारायच्या आणि सोडवायच्या. भिजवून मोड आणलेले वाल सोलणं हा तर मुख्य अभ्यासक्रम. पलीकडच्या एव्हरशाईन सिटी संकुलातून एक आई आपल्या मुलाला मोठ्या अपेक्षेने घेऊन आली होती. आठवड्याने तिने कंबरेवर हात ठेवून विचारलं, "आत्या, प्लीज, ह्याने अजून एबीसीडी सोडा, एक लाइनपण लिहिली नाहीये. नुसते वाल सोलतोय." आत्या म्हणाल्या, "दोन बोटांत वाल धरून साल निघाली, दाना मोडला नाय, म्हंजे पेन्सिलीची तयारी झाली. तुला येतं का बघू?" त्या बाईंचे सगळे दाणे मोडले. आता खरं सांगायचं तर या अभ्यासक्रमामुळे आत्यांच्या घरी वारंवार वालाचं बिरडं असायचं आणि सोलायला एक पैसा पडत नव्हता. लोक यावरून त्यांना नावं ठेवत. ठेवू देत. त्या बिरड्याची वाटी प्रत्येक सोलणाऱ्याच्या घरी जायची, हे नावं ठेवणारे सांगत नाहीत.

त्यांचे दोन नियम मात्र पोलादी होते. पहिला, लिहिणाऱ्या मुलाचा हात धरायचा नाही. आपल्याकडे मुलाच्या मुठीवर आपली मूठ ठेवून अक्षर गिरवून घेण्याची केवढी हौस! आत्यांना ते दृश्य बघवत नसे. त्या म्हणत, "ते अक्षर तुझं झालं. पोराची फक्त मूठ वापरलीस." एकदा दसऱ्याच्या पाटीपूजनाला एका आजोबांनी नातवाचा हात धरून 'श्री' काढायला घेतला, तर आत्यांनी सगळ्या पाहुण्यांदेखत आजोबांचाच हात धरला आणि त्यांच्याकडून एक वेडावाकडा 'श्री' काढून घेतला. "कसं वाटलं?" म्हणून विचारलं. त्या घराने पुढची दोन वर्षं आम्हाला दसऱ्याला बोलावलं नाही.

दुसरा नियम असा की मुलाने काहीही लिहिलं, अगदी कोंबडी नाचल्यासारखं लिहिलं, तरी "हे काय आहे?" असं विचारायचं नाही. म्हणायचं, "वाचून दाखव." आणि गंमत म्हणजे मूल वाचून दाखवतं. तीन वर्षांचं पोर वीतभर नागमोडी रेघ ओढतं आणि त्यातून मावशीच्या लग्नाची पूर्ण हकिकत वाचतं, जेवणाच्या पंगतीसकट. आत्या मान डोलवत ऐकतात. मध्येच विचारतात, "जिलबीचं कुठे लिहिलंस?" पोर रेघेत बरोबर जागा दाखवतं.

त्या भिंतीची खरी नवलाई मला फार उशिरा दिसली. मुलं उभी राहून हात पोचेल तिथे लिहितात. म्हणजे गुडघ्याच्या उंचीवर सगळ्या रेघोट्या आणि भोवरे. त्याच्या जरा वर, स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर, उलटं, सुलटं, आडवं पडलेलं, कारण त्या वयात जगात तेवढं एकच अक्षर महत्त्वाचं असतं. कमरेशी पहिलीतले शब्द, एकमेकांना चिकटलेले, मध्ये श्वास न घेता. त्याच्या वर दुसरीतली वाक्यं, "आणि मग" ने सुरू होऊन "आणि मग" वरच संपणारी. आणि छातीपाशी तिसरी-चौथी. तिथे स्वल्पविराम येतात, खोडून पुन्हा लिहिलेलं दिसतं, आणि "आत्याआजी खूप प्रेमळ आहेत" असली वाक्यंही दिसू लागतात. "हे लबाड लिहायला लागलं," आत्या समाधानाने म्हणत. "म्हंजे लिहिता यायला लागलं." छातीच्या वर भिंत कोरी. पाचवीत गेलं की मूल मार्कांसाठी लिहू लागतं, भिंतीपाशी येत नाही, असं आत्या सांगत.

हे सगळं मी आज कौतुकाने सांगते आहे. पण माझी रेवा पहिलीत गेली तेव्हा मी आत्यांच्या भिंतीला नाक मुरडणाऱ्यांत होते. रेवाच्या शाळेतून निरोप आला की मुलगी वर्गात काहीच लिहीत नाही. पेन्सिल धरते, वहीकडे बघत बसते, आणि बाईंनी आवाज चढवला की पोट दुखतं म्हणते. मी घाबरले. मी तिला सुंदर हस्ताक्षराच्या वर्गाला घातलं. तिथे चार रेघांच्या मधे अक्षर बसवायचं, रेघेबाहेर शेपूट गेलं की पान फाडून पुन्हा. मग रेवाचं पोट रविवारीही दुखायला लागलं. बोलायला लागली की थांबत नसे, पण लिहायचं नाव काढलं की ओठ मिटून घ्यायची. एके दिवशी मी तिची मूठ माझ्या मुठीत घट्ट धरून 'अ' गिरवून घेत होते, दोघीही रडत होतो, आणि आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी रेवाला खाली नेलं, पंपाच्या खोलीपाशी उकिडवं बसवलं आणि गुडघ्याच्या उंचीवरची एक भयानक रेघोटी दाखवली. "ही कोनाची, माहिती आहे?" ती तिसऱ्या मजल्यावरच्या श्रेयसची निघाली, ज्याच्या अक्षराला शाळेत बक्षीस मिळालं होतं आणि ज्याचं उदाहरण मी रेवाला रोज जेवताना वाढत असे. रेवाने त्या रेघोटीवरून बोट फिरवलं. मग वर बघितलं, जिथे त्याच श्रेयसने चौथीत सुबक अक्षरात विहिरीतल्या कासवाबद्दल लिहिलं होतं. मग पुन्हा खाली. ती हसली. मला तो क्षण अजून दिसतो, कारण लिहिण्याच्या बाबतीत ती हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

त्यानंतर पुष्कळ वाल सोलले गेले, पुष्कळ रेघा वाचून दाखवल्या गेल्या. आणि ऐन पावसाळ्यात एका सकाळी भिंतीवर कोळशाने रेवाचं पहिलं वाक्य उमटलं, शब्द चिकटलेले, पण स्वच्छ वाचता येणारे: "बाबा चिंचोटीला पडले चष्मा वाहून गेला आईला सांगायचं नाही." चिंचोटीच्या धबधब्यावर पावसाळ्यात पाऊल ठेवायचं नाही अशी माझी घरात सक्त ताकीद होती, आणि चष्मा ऑफिसात फुटला असं मला सांगण्यात आलं होतं. ते वाक्य माझ्याआधी सगळ्या इमारतीने वाचलं. नवरा लपायला जागा शोधत होता आणि आत्या हसून हसून विहिरीच्या काठावर बसल्या होत्या. "बघ गो," मला म्हणाल्या, "तिला सांगायला कायतरी मिळालं तेव्हा लिहिलं. 'अ' काय कोनाला सांगायची गोष्ट आहे?" त्या दिवशी मी नवऱ्याला ओरडले, लेकीचा पापा घेतला आणि हस्ताक्षराचा वर्ग बंद केला. रेवा शाळेत मात्र अजून वहीकडे बघतच बसायची. तिचं सगळं लिहिणं त्या भिंतीवर होतं, दुसरीकडे कुठेच नव्हतं.

म्हणूनच सोसायटीने ती भिंत रंगवायचं काढलं तेव्हा मी आत्यांच्या शेजारी मीटिंगला जाऊन बसले. गणपती जवळ आले होते, आवाराला लिंबाच्या रंगाचा हात द्यायचं ठरलं होतं. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ, पण त्यांना डागाचं फार वावडं. मीटिंगमध्ये ते म्हणाले, "आत्याबाई, भावना समजतात. पण पाहुणे येतात, फ्लॅट बघायला माणसं येतात, काय दिसतं ते? आपण मुलांना छानसा व्हाइटबोर्ड लावून देऊ. पुसायला सोपा."

आत्या एरवी गावच्या बोलीत बोलतात, पण भांडताना त्यांची मराठी एकदम पाठ्यपुस्तकातून निघते. णचा ण, षचा ष. त्या उभ्या राहिल्या. "पुसायला सोपा आहे म्हणूनच नको. मूल आपलं कालचं लिखाण विसरतं आणि आज स्वतःला ढ समजतं. त्याला त्याचं कालचं दाखवायला ही भिंत आहे. आणि पाहुण्यांचं म्हणाल, तर प्रत्येक शाळेच्या वहीत मला एकच आई भेटते, पहाटे पाच वाजता उठणारी आणि सडा-रांगोळी करणारी. फळ्यावरून उतरवलेली. इथे एकही आई तशी नाही. पाहुण्यांनी येऊन वाचावं." शेवटच्या वाक्याला निम्म्या आयांनी माना खाली घातल्या, कारण त्यांच्याबद्दल भिंतीवर काय लिहिलंय ते त्यांना माहीत होतं. ठराव एकमताने मंजूर झाला. विरोधात आत्या आणि मी, पण अध्यक्षांनी कुटुंबाचं एकच मत धरलं आणि एकमतासाठी तेही मोजलं नाही.

आत्यांनी जाहीर केलं की रंगारी आला तर त्या भिंतीला टेकून बसतील आणि त्यांच्यासकट भिंत रंगवावी लागेल. तशा त्या बसल्याही असत्या. पण रंगकाम सुरू व्हायच्या आधीच विहिरीपाशी शेवाळावरून त्यांचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. डॉक्टरांनी घरात पडून राहायला सांगितलं. आणि त्यानंतरच्या रविवारी सकाळीच रंगारी बादल्या घेऊन हजर झाला. हा योगायोग होता असं अध्यक्ष आजही शपथेवर सांगतात.

रेवा धावत वर आली. आत्या गाऊनवर शाल गुंडाळून, झोळीतला हात सावरत खाली उतरल्या, मागे मी, माझ्या मागे अर्धी इमारत. त्यांनी चुलीजवळचं बुटकं स्टूल ओढलं आणि भिंतीसमोर ठाण मांडलं. अध्यक्ष समजुतीच्या स्वरात म्हणाले, "आत्याबाई, नियम आहे. हरकत असेल तर लेखी द्या, मी लगेच काम थांबवतो." मग त्यांची नजर प्लास्टरकडे गेली आणि, मला वाटतं, खऱ्या सहानुभूतीने ते पुढे म्हणाले, "नाही जमणार तर राहू दे. मजकूर आम्ही लिहू. तुमचा अंगठा चालेल."

ज्यांनी गावाच्या तीन पिढ्यांच्या हातात खडू दिला, त्यांना कोणी अंगठा मागितला होता. अध्यक्षांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते कानापर्यंत लाल झाले, पण शब्द निघून गेला होता. आत्यांनी डब्यातून कोळसा उचलला. डाव्या हाताने. कोळसा बोटांतून निसटला, पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. माझा नवरा न राहवून पुढे झाला आणि त्याने त्यांच्या मुठीवर मूठ ठेवली. "आत्या, मी धरतो."

"हात धरायचा नाय!" त्या अशा कडाडल्या की रंगाऱ्याने ब्रश खाली ठेवला.

त्या स्टुलावर बसलेल्या, त्यामुळे कोळसा टेकला तो अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर, सगळ्या रेघोट्यांच्या मधोमध. एक वीतभर रेघ गेली, वर चढली, घसरली, भोवऱ्यासारखी फिरली आणि थांबली. आत्यांच्या कपाळावर घाम आला होता. अक्षर म्हणावं असं त्यात काही नव्हतं. त्यांनी रेघेकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. शाळेतून आल्यावर रेवाच्या तोंडावर असायचं, तेच.

अध्यक्ष वाकले. हळू आवाजात म्हणाले, "हे... काय आहे?"

"असं नाही विचारायचं, काका," रेवा म्हणाली. ती पुढे गेली, आत्यांच्या बाजूला उकिडवी बसली, रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आत्याआजी, वाचून दाखव."

आत्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. "माननीय अध्यक्ष महाशय," त्या अस्सल पाठ्यपुस्तकी मराठीत कडाडल्या, "आपण आणि आपल्या कार्यकारिणीने लिंबाच्या रंगाचा जो निर्णय घेतला, त्याचा मी तीव्र निषेध करते." त्या एवढ्याशा रेघेतून त्यांनी सबंध समितीची हजेरी घेतली. पार्किंगचा विषय आला, बंद पडलेल्या लिफ्टचा आला, चुलीच्या नोटिसांचा आला. लोक हसू लागले, अध्यक्षही. रेवाचं बोट रेघेवरून पुढे सरकत होतं. आणि ते शेवटच्या भोवऱ्याशी आलं तेव्हा आत्यांचा आवाज उतरला आणि पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली. "माझ्या हाताखालची सगळी पोरं मोठी झाली," त्या वाचत होत्या. "कोन दुबईला गेला, कोन बोलत नाय, कोन देवाघरी गेला. हितं ती अजून ल्हान आहेत. हितं ती रोज माझ्याशी बोलतात. मला दुसरी पोरं नायत. ही भिंत पुसू नका."

रेवाने मागे वळून विचारलं, "काका, झालं ना लेखी?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मग रंगाऱ्याला म्हणाले, "छातीच्या वर रंगव. खाली हात लावू नकोस." नियमात हे कुठे बसतं असं सेक्रेटरीने विचारलं, तर त्यांनी त्याला वाल सोलायला बसायची धमकी दिली.

आता भिंतीचा वरचा भाग लिंबाच्या रंगाचा आहे, नीटनेटका आणि मुका. खालचा तसाच आहे. अध्यक्षांची नात गेल्या महिन्यापासून गुडघ्याच्या उंचीवर दाखल झाली आहे, आणि ते स्वतः तिच्याशेजारी उकिडवे बसून "वाचून दाखव" म्हणतात. रेवा त्याच वर्षी शाळेच्या वहीतही लिहू लागली. कसं, ते कोणी सांगू शकत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आत्याआजीलापण नव्हतं येत." आता ती पाचवीत आहे. भिंतीशी येत नाही, ते आत्यांनी आधीच सांगितलं होतं. आत्यांचं मनगट जुळलं, पण बोटांत पूर्वीचा जोर राहिला नाही. सोलताना वालाचे दाणे मोडतात, आणि ते मोडले की त्या इकडेतिकडे बघतात, कोणी पाहिलं तर नाही ना.

परवा एका नव्या बिऱ्हाडाचं पोर त्या रेघेवर बोट ठेवून आत्यांना विचारत होतं, "हे कुठल्या बाळाने लिवलंय?" आत्या म्हणाल्या, "हाय एक. अजून शिकतंय." मी विहिरीपाशी कपडे वाळत घालत होते. हातातली चादर तशीच धरून मी ती रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मला ती आता पाठ आहे.